भाचीला लॉ ला घालू का? (आणि आमचा धंदा नक्की कुठे चाललाय)

तालुकावकील | २३ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. बहिणीची मुलगी बारावी सायन्सला आहे, हुशार आहे, आणि दिवाळीनंतर अचानक म्हणायला लागलीये की इंजिनिअरिंग नको, सीईटी लॉ देते, पाच वर्षांचं बीए एलएलबी करते. बहिणीने फोन करून सगळं माझ्या अंगावर टाकलं, तू वकील आहेस तूच काय ते सांग. आणि बावीस वर्षं वकिलीची सनद असून मला उत्तर सुचेना हो.

मी २००३ ला सीनिअरांकडे लागलो तेव्हा पहिलं वर्षभर काय केलं तर डायरीत तारखा लिहिल्या, नकलेचे अर्ज केले, पुरसीस लिहिल्या, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टशेजारी बसून दावा टाइप होताना बघितला. सीनिअर म्हणायचे जुन्या फायली काढ आणि हाताने उतरवून काढ. राग यायचा. पण तिसऱ्या-चौथ्या दाव्याला कळायला लागलं की हे वाक्य इथे का आहे.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. माझ्याकडे एक ज्युनिअर आहे, चांगला मुलगा आहे. वाटपाच्या दाव्यात निशाणी ५ चा मनाईचा अर्ज (दावा चालू असेस्तोवर समोरच्याला रोखायचा) करायला सांगितला, तर चहा पिऊन येईस्तोवर एआय कडून करून तयार. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. दोन निकाल पण टाकलेले. म्हटलं बघू तरी, तर एक निकाल सापडेचना, त्या व्हॉल्यूमच्या त्या पानावर भलतीच भूसंपादनाची केस निघाली. पण माझी झोप उडाली ती त्याने नाही. अर्जात लिहिलं होतं "वादीचा दावा मिळकतीवर आजतागायत प्रत्यक्ष कब्जा वहिवाट आहे". असं प्रत्येक मनाई अर्जात असतं, बरोबर आहे. पण ही बाई लग्न होऊन गेली ती गेली, गेली अकरा वर्षं मुलाकडे पिंपरीला राहते, शेतात भाऊ. तिने हे शपथेवर सांगितलं असतं तर उलटतपासात दुसऱ्या प्रश्नाला साफ. खरं तर तिची केस चांगली आहे, सहहिस्सेदार आहे, एकाचा कब्जा तो सगळ्यांचा कब्जा, म्हणजे मांडायचं ते एकत्र कब्जा म्हणून आणि मागायची ती विक्रीला मनाई, कारण भाऊ गिऱ्हाईक बघतोय. ज्युनिअरला विचारलं तू मावशींना विचारलंस का शेत कोण कसतं, तर म्हणाला नाही सर, तसा प्रश्न आलाच नाही.

हेच मला खटकलं. हाताने लिहिताना त्या ओळीपाशी माणूस अडला असता, आणि अडला की विचारतो. आता अडायची सोयच राहिली नाही, मग हा शिकणार कुठे? आणि भाची २०३१ ला पास होऊन येणार, तेव्हा काय असेल?

तर सांगा, घालू का लॉ ला?

---

पुण्याचा_फोर्थ_इयर | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०२

सर मी पाच वर्षांच्या कोर्सच्या चौथ्या वर्षाला आहे आणि आईशप्पथ पुरसीस हा शब्द आत्ता तुमच्या धाग्यावर पहिल्यांदा वाचला. गुगल केलं. म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लेखी कळवणं एवढंच ना?? मग चार वर्षं कोणी सांगितलं का नाही.

कॉलेजचं काय सांगू. ड्राफ्टिंगचा पेपर आहे, त्याची जर्नल असते, ती सीनिअर बॅचची असते, त्यांनी त्यांच्या सीनिअरची उतरवलेली असते, माझ्या जर्नलमध्ये अजून एक दावा आहे ज्यात घरभाडं महिना ४० रुपये आहे. मूट कोर्टला (म्हणजे सरावाच्या खोट्या खटल्याला) मात्र सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठासमोरच उभं राहायचं असतं, तालुका कोर्टाची मूट कधी ऐकली नाही. आयपीसी सेकंड इयरला शिकलो, पेपर दिला, मार्क मिळाले, आणि १ जुलै २०२४ ला कायदाच गेला, भारतीय न्याय संहिता आली. आता ३०२ विसरा, १०३ म्हणा. ४२० पण ३१८ (४) झालं, शिवी द्यायची पण सोय नाही राहिली.

असाइनमेंट सगळे एआय ने करतात. सर लोक एआय ने तपासतात. मध्ये आम्ही फक्त प्रिंटाउट काढायला.

---

तालुकावकील | २३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

अरे शिवीचं जाऊ दे, माझी फजिती ऐक. परवा एक तरुण वकील मॅडम बाररूममध्ये म्हणाल्या सर ४८२ टाकतेय, मी म्हटलं मग इथे कशाला, हायकोर्टात जायला पाहिजे. त्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. माझ्या डोक्यात जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी खटला चालवायच्या कायद्याचं) ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करायचा अर्ज, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तो झालाय ५२८, आणि ४८२ म्हणजे आता अटकपूर्व जामीन! तसंच १४४. आमच्यासाठी जमावबंदी, नवीन पोरांसाठी पोटगी. म्हणजे जुनं १२५. आणि १ जुलै २४ च्या आधीचे गुन्हे जुन्याच आयपीसीने चालणार, म्हणजे अजून दहा-पंधरा वर्षं दोन्ही नंबर डोक्यात ठेवायचे.

यात मात्र ज्युनिअर लोक आमच्या पुढे आहेत हे कबूल. पुरावा कायद्यातलं मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्याचं जुनं ६५ब चं सर्टिफिकेट आता ६३ खाली, त्याला दोन भाग, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची. मला हॅश म्हणजे काय ते माझ्या त्याच ज्युनिअरने समजावलं. फाईलचा अंगठा म्हणाला. फाईलमध्ये एक टिंब बदललं तरी अंगठा बदलतो. एवढं सोपं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

---

नारळवाला | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:४१

वकीलसाहेब विषयांतराबद्दल माफी पण तुम्ही आहातच तर विचारतो, शेजाऱ्याच्या नारळाच्या झावळ्या आमच्या पत्र्यावर पडतात, दोनदा पत्रा फुटला, तोंडी सांगून झालं. काय करावं?

---

निवृत्त_शिरस्तेदार | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

तालुकावकील साहेब, नमस्कार. मी चौतीस वर्षे न्यायालयात नोकरी केली, कनिष्ठ लिपिकापासून. एक गोष्ट नम्रपणे सांगतो, वकिली महाविद्यालयात कधीच शिकवली जात नव्हती. तुमच्या वेळीही नाही आणि त्याआधीही नाही. ती मागच्या बाकावर शिकवली जात असे. स्वतःची केस नसली तरी नवे वकील अकरा वाजल्यापासून बसून असत, चांगला उलटतपास असला की दुसऱ्या कोर्टातले येऊन उभे राहत, आमच्या टेबलाशी येऊन विचारत, भाऊसाहेब असा अर्ज कसा लिहितात.

आता मागचा बाक रिकामा. मोबाईलमध्ये ई-कोर्ट उघडायचे, सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे केसचा क्रमांक, टाकायचा, पुढची तारीख दिसते. सोय उत्तम आहे, पक्षकाराचा एसटीचा खर्च वाचतो, मी विरोधात नाही. पण रोजनाम्यात (त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) "प्रतिवादीस म्हणणे देण्यास मुदत" एवढेच येते. मुदत देताना साहेबांनी कोणाकडे बघून कपाळाला आठी घातली ते त्यात येत नाही. जुना वकील ती आठी बघून घरी जाऊन पक्षकाराला सांगायचा, तडजोडीचे बघा.

---

बीकेसी_काकू | २४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी एका कंपनीत इन-हाउस लीगलला आहे, १६ वर्षं. जरा उलटं बोलते, रागावू नका.

आधी माझ्याकडची बातमी. पूर्वी एखादी कंपनी विकत घ्यायची म्हटली की लॉ फर्मची पाच फ्रेशर पोरं तीन आठवडे कागद वाचत बसायची, प्रत्येक करारात मालकी बदलली तर काय होतं ते कलम शोधायचं आणि एक्सेलमध्ये भरायचं. आता ते टूल काढून देतं, दोन जण तपासतात. म्हणजे तीन पोरांची पहिली नोकरी गेली हे खरंय. तपासणारी दोघं कुठून आली तर ती आधी तीन आठवडे वाचलेलीच आहेत, पुढच्या पिढीत ती कुठून येणार हे आमच्याकडे पण कुणालाच माहीत नाही, मीटिंगमध्ये विचारलं की सगळे लॅपटॉपमध्ये बघतात. तुमचा मुद्दा तोच आहे आणि मला मान्य आहे.

पण. तुमचा सीनिअर तुमच्याकडून वर्षभर फुकट उतरवून घेत होता आणि तुम्ही त्याला शिक्षण म्हणताय. ते अडणं-बिडणं कोणाला परवडत होतं? ज्याच्या घरी शेती आहे, वडील नोकरीत आहेत, राहायला घर आहे त्याला. माझ्या बॅचमधल्या किती मुली पहिल्या दीड वर्षात सनद घडी घालून बँकेच्या परीक्षेला बसल्या मी सांगू का? मी स्वतः कोर्ट सोडलं ते कोर्ट आवडत नव्हतं म्हणून नाही, गोरेगावचं भाडं होतं म्हणून. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या ऑक्टोबरात परिपत्रक काढलंय, ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्या. सक्ती नाही, शिफारस आहे.

तर साहेब, तुमच्या त्या चांगल्या मुलाला तुम्ही किती देता?

---

पुण्याचा_फोर्थ_इयर | २४ नोव्हेंबर, दुपारी १:१९

🍿

---

तालुकावकील | २४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

काकू, दिवसभर उत्तर लिहून खोडत होतो. सहा हजार देतो. अधिक पेट्रोल. लिहिताना पण लाज वाटली म्हणून लिहितोय.

बचाव म्हणून नाही पण हिशेब सांगतो. तालुक्याला चेक बाउन्सची १३८ ची केस, फी हप्त्याहप्त्याने, अर्धी येते, अर्ध्यासाठी पक्षकार दिसला की तो रस्ता बदलतो. वाटपाच्या दाव्याला फी म्हणून एकदा मला कणगीभर ज्वारी आलेली आहे. तरी पण तुमचं बरोबर आहे, माझ्या घरी शेती होती. माझ्याबरोबर लागलेला एक मित्र माझ्यापेक्षा चांगलं ड्राफ्टिंग करायचा, वर्षभरात एमआयडीसीत सुपरवायझर झाला. तो अडला तो कायमचाच.

---

सनद_२०२३ | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

मी जेएमएफसी ची, म्हणजे खालच्या कोर्टाच्या जजच्या परीक्षेची तयारी करते, छत्रपती संभाजीनगरला. बीकेसी काकूंना दंडवत.

२० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा तीन वर्षं प्रॅक्टिसची अट आणली, सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनला बसायला. २००२ च्या आधी होती, मग काढली, आता परत. दहा वर्षं झालेल्या वकिलाचं सर्टिफिकेट आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा. तत्त्व मला पण कळतं, ज्याने कधी तारीख मागितली नाही त्याने तारीख द्यायला बसू नये. पण तीन वर्षं खायचं काय? सुरुवातीचं बेसिक ७७,८४० रुपये आहे जजचं, त्या पाटीकडे बघत तीन वर्षं पाच हजारावर काढायची, आणि घरी मुलीचं वय मोजतात ते वेगळं. भावाला म्हणतात कर अभ्यास, मला म्हणतात अजून किती.

आणि खरं सांगू का, कागदावरची प्रॅक्टिस चालू झालीये. दिवसभर क्लासला, संध्याकाळी लायब्ररीला, आणि कुठल्यातरी काकांच्या वकीलपत्रावर खाली नाव. सर्टिफिकेट मिळून जाईल. मी असं करायचं नाही ठरवलं, रोज कोर्टात जाते, आणि टेस्ट सिरीजमध्ये त्या मुलांपेक्षा मागे आहे.

एक चांगली बातमी पण सांगते. सनदेची फी. आधी हजारोंत घ्यायचे, २०२४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने सांगितलं कायद्यात ७५० लिहिलंय तर ७५० च घ्या, एससी एसटी ला १२५. मी २०२३ ला घेतली. निकाल पुढच्यांसाठी, आधी भरलेले परत नाहीत 🙂

---

निवृत्त_शिरस्तेदार | २५ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

ताई, रोज कोर्टात जाता ते सोडू नका. एक प्रसंग सांगतो, नाव गाव नको. नवे साहेब आले होते, अतिशय हुशार, थेट परीक्षेतून. पहिल्याच आठवड्यात एका वृद्ध पक्षकाराने उभे राहून हात जोडून बोलायला सुरुवात केली, साहेब ते लिहून घेऊ लागले, पुरावा समजून. मी हळूच म्हटले, साहेब, ते तक्रार करीत नाहीत, पाणी मागत आहेत. साहेब पुढे फार चांगले न्यायाधीश झाले. पण ते पहिले सहा महिने ज्यांच्या केसेस चालल्या त्यांचे काय हा विचार मनात येतो.

---

म्हापश्याचो | २५ नोव्हेंबर, रात्री ८:३३

गोव्यातून लिहितो. तुमच्याकडे मशीन खोटे निकाल देतं म्हणता, आमच्याकडे ते खरा कायदा देतं पण तो महाराष्ट्राचा असतो :)

एक उदाहरण. आमच्याकडे वडील वारले की इन्व्हेंटरी. कोर्टात सगळी मालमत्ता आणि सगळे वारस यादीवर येतात, एकजण काबेसा (सगळ्यांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा) म्हणून नेमतात, वाटप जमलं नाही तर वारसांच्यातच बोली लागते. पोर्तुगीज सिव्हिल कोड आणि आता २०१२ चा आमचा वारसा कायदा. नवरा बायको दोघांची मालमत्ता सामायिक, त्यामुळे जमीन नवऱ्याच्या नावावर असली तरी विकायला बायकोची सही लागते, आणि मुलं असतील तर मृत्युपत्राने अर्धीच देता येते. हे मशीनला विचारलं तर ते अगदी आत्मविश्वासाने हिंदू वारसा कायदा सांगून मोकळं. एका बाईने तसं वाचून सगळं घर धाकट्याच्या नावे मृत्युपत्रात लिहून आणलं होतं, टाइप करून, लॅमिनेशन करून!

जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेले, ते वाचणारी माणसं आता मोजकी. आमचे सर म्हणतात पोर्तुगीज शीक, पुढची वीस वर्षं पोट भरेल. तर भाचीला सांगा, जिथे कागद वाकडा आहे तिथे वकील लागतोच.

---

दावा_नंबर_पाठ | २६ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

तुम्ही सगळे वकील लोक आपसात बोलताय, जरा पक्षकाराचं पण ऐका. माझा दावा २०११ चा. वडिलांनी लावला, आता मी चालवतो. तीन वकील झाले. प्रत्येक तारखेला एकच वाक्य, "साहेब रजेवर आहेत" नाहीतर "पुढची घेतली". का घेतली ते विचारलं की तुम्हाला नाही कळायचं.

परवा पोराने मोबाईलवरून रोजनामा काढला, त्याचा फोटो त्या एआय ला दिला आणि म्हटलं सोप्या मराठीत सांग. त्याने सांगितलं तुमचे प्रतिवादी नंबर तीन मयत आहेत आणि त्यांचे वारस रेकॉर्डवर घेतलेले नाहीत म्हणून दावा तिथे अडकलाय. दोन वर्षं!! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझी केस मला कळली आणि ती मशीनने सांगितली. तुमचा ज्युनिअर शिकेल न शिकेल, मला त्याचं काय.

---

तालुकावकील | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

दादा, बाकीचं नंतर. आधी आजच्या आज तुमच्या वकिलांना गाठा. मयताचे वारस लावायला ९० दिवस असतात, ते गेले की त्या प्रतिवादीपुरता दावा आपोआप पडतो. तो पुन्हा उभा करायचा अर्ज वेगळा, त्याला ६० दिवस, ते पण गेलेत म्हणजे विलंब माफीचा अर्ज जोडायचा, आणि तुम्हाला केव्हा आणि कसं कळलं ते प्रतिज्ञापत्रात खरं खरं लिहायचं. वाटपाचा दावा असेल तर एका प्रतिवादीमुळे सगळाच धोक्यात येऊ शकतो. मयताचा मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून काढा. मशीनने अडकलंय ते बरोबर सांगितलं, घाई करा हे सांगितलं का?

---

दावा_नंबर_पाठ | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:२२

नाही सांगितलं. निघतोच.

---

रंकाळ्यावरून | २६ नोव्हेंबर, दुपारी ३:००

कोल्हापूरचं कुणी बोललंच नाही म्हणून मी. इथं १८ ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, आपल्याकडचे सहा जिल्हे, कोल्हापूर सांगली सातारा सोलापूर रत्नागिरी सिंधुदुर्ग. चाळीस-पन्नास वर्षं मागत होतो. आधी कसं होतं, अपील करायचं म्हटलं की कागद बांधून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथल्या वकिलांच्या पायऱ्या, त्यांना केस समजवायची, सकाळी उभे तेच राहणार, आम्ही मागं फायली धरून. आता माझा मी उभा राहतो. पहिल्या दिवशी इंग्रजीत दोन वाक्यं बोललो आणि घशाला कोरड पडली, साहेबांनी समजून घेतलं.

मला तरी भाचीचं भविष्य इथं दिसतंय की. पाच वर्षांनी ती येईल तेव्हा इथं हायकोर्टाची वकिली करणारी पहिली पिढी जेमतेम तयार होत असेल. जागा आहे. फक्त कॉलेज बघून घ्या हो, काही कॉलेजात वर्गात बाक आहेत पण बाकावर पोरं नाहीत, हजेरी मात्र पूर्ण. उगाच नाही बार कौन्सिलने गेल्या ऑगस्टात तीन वर्षं नवीन लॉ कॉलेजांना परवानगी देणं बंद केलं.

---

मँचेस्टरची_मीनल | २७ नोव्हेंबर, रात्री १२:४८

इथे इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटर व्हायला एसक्यूई नावाची परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि तो अनुभव एकाच फर्ममध्ये नको, चार ठिकाणचा मिळून चालतो, अगदी फुकट सल्ला केंद्रातला पण. मी एक वर्ष तसं केंद्रात काढलं. भाडेकरू यायचे, घराला बुरशी आलीये म्हणून. रडणाऱ्या माणसाकडून तारखा कशा काढून घ्यायच्या हे तिथे शिकले, कॉलेजात नाही. आपल्याकडे तीन वर्षांची अट आहे पण ती नुसत्या सर्टिफिकेटवर मोजतात. जिल्हा विधी सेवामध्ये (गरजूंना फुकट कायदेशीर मदत देणारं सरकारी प्राधिकरण) बसलेले तास त्यात धरले तर सनद_२०२३ सारख्यांचं सोपं होईल, आणि दावावाल्या दादांना पण कुणीतरी सांगायला भेटेल.

---

बीकेसी_काकू | २७ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

मीनल +१. आपल्याकडे विधी सेवामध्ये आता पगारी बचाव वकील नेमतात जिल्ह्याला, २०२२ पासून. तिथून सुरुवात करणारी पोरं मी बघितलीयेत, दोन वर्षांत जामिनाचे इतके अर्ज करतात की तोंडपाठ.

आणि खोट्या निकालांचं म्हणाल तर तो फक्त तालुक्याच्या ज्युनिअरचा दोष नाही. न्यूयॉर्कच्या वकिलांना २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड झाला तेव्हा आम्ही हसलो होतो. मग आपल्याकडे प्राप्तिकर खात्याच्या आदेशातच अस्तित्वात नसलेल्या निकालांचे दाखले निघाले, मुंबई हायकोर्टाने या ऑक्टोबरात तो आदेश रद्द केला. केरळ हायकोर्टाने जुलैत जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं, निर्णयासाठी एआय वापरायचा नाही. माझ्या टीमला मी एक नियम घातलाय, निकालाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचा. बालवाडीसारखं वाटतं, पण चालतं.

---

मॉडरेटर_२ | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

वैयक्तिक कायदेशीर सल्ल्यासाठी वेगळा विभाग आहे, कृपया तिकडे विचारा. (नारळवाला, हे तुम्हाला.)

---

तालुकावकील | २८ डिसेंबर, रात्री ९:१५

महिन्याने येतोय, माफी. भाचीला नाताळच्या सुट्टीत चार दिवस इकडे बोलावलं होतं, कोर्टाची सुट्टी लागायच्या आधी दोन दिवस मिळाले. म्हटलं मी सांगण्यापेक्षा बघ.

पहिल्या दिवशी कंटाळली. अकराला पुकारा, तारीख, पुकारा, तारीख. जेवणाच्या सुट्टीत विचारते, मामा इथे कोणी भांडत का नाही? दुसऱ्या दिवशी त्याच पिंपरीच्या मावशी आल्या होत्या सुधारलेल्या अर्जावर सही करायला. मी आणि ज्युनिअर आत, भाची बाहेर बाकावर त्यांच्याशेजारी. अर्ध्या तासाने आत आली आणि म्हणाली, मामा, आजींनी पाच वर्षांपूर्वी भावाच्या सांगण्यावरून तलाठ्याकडे एका कागदावर अंगठा दिलाय, रेशनकार्डासाठी म्हणून. तुम्हाला माहितीये का?

नव्हतं माहीत. तीन बैठका झाल्या होत्या माझ्या. लगेच ज्युनिअरला फेरफार काढायला पाठवला, तर वर्दी अर्जावर (तलाठ्याकडे नोंदीसाठी दिलेल्या साध्या अर्जावर) हक्क सोडल्याची नोंद निघाली, नाव कमी. पण रजिस्टर हक्कसोडपत्र नाही, आणि नुसत्या फेरफाराने मालकी जात नाही, म्हणजे उत्तर आहे आपल्याकडे. फक्त समोरच्याने ते कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) काढायच्या आधी आपण दाव्यात सांगायला पाहिजे. दावा दुरुस्तीचा अर्ज तयार केला, या वेळी ज्युनिअरने हाताने. वेळ लागला. चार ठिकाणी अडला, चारही वेळा मावशींना फोन केला.

भाचीला म्हटलं तुला कशा काय बोलल्या त्या, तर म्हणे मी काही विचारलंच नाही, त्यांनी मला विचारलं बाळ कुणाची, मग बोलत बसल्या.

ती सीईटी लॉ देणार म्हणते. जेईई पण देणार आहे, बहिणीने तशी अट घातलीये.

ज्युनिअरला जानेवारीपासून दहा करतोय. काकू, पंधरा नाहीत, माहितीये.

---

बीकेसी_काकू | २८ डिसेंबर, रात्री ९:३१

लक्ष आहे माझं.

---

दावा_नंबर_पाठ | २८ डिसेंबर, रात्री १०:०४

वकीलसाहेब, अर्ज दिला. मृत्यूचा दाखला काढला, विलंब माफीचा पण सोबत लावला. समोरच्यांचं म्हणणं यायचंय. या वेळी तारखेला मी आत जाऊन बसलो, मागच्या बाकावर. शिरस्तेदार साहेब म्हणतात ती आठी पडली का बघत होतो, पण साहेब कॉम्प्युटरच्या आड होते.

---

नारळवाला | २९ डिसेंबर, सकाळी ७:१२

मॉडरेटर साहेब रागावू नका पण काल तिसऱ्यांदा पत्रा फुटला.

---

तालुकावकील | २९ डिसेंबर, सकाळी ७:४०

नगरपालिका हद्दीत असाल तर झाड स्वतः तोडू बिडू नका, १९७५ चा झाडांचा कायदा आहे, परवानगी लागते. आधी नगरपालिकेच्या वृक्ष विभागाला लेखी अर्ज द्या, फुटलेल्या पत्र्याचे तारखेसकट फोटो जोडा, एक प्रत शेजाऱ्याला पोचपावती घेऊन द्या. फोटो मोबाईलमधून डिलीट करू नका, पुढे हॅश लागेल.

फी दोन नारळ. शेजाऱ्याचे चालतील.